मापात पाप

रिमविदासने तो डबा बसवला अॅशट्रेच्याच जागी.
कौनासच्या कुणाकडून तरी आणलेला, वापरलेला,
काडेपेटीहून जरा मोठा, हिरव्या आकड्यांचा.
पासाट एक्याण्णवची. सिगरेट सुटून सहा वर्षं झाली,
तरी त्या खाचेतून वास येतोच.
तारा ओढताना तो वासाला शिव्या देत होता, लाडाने.

सहा तारा.
एक कायम जिवंत, एक किल्लीबरोबर जागणारी, एक अर्थिंगची.
एक चाकांची, एक इंजेक्टरची,
एक टाकीत तरंगणाऱ्या बोंडाची.
मी टॉर्च धरला होता. टॉर्च धरणं हे
बेचाळीस वर्षांच्या संसारातलं माझं खातं.

आणि वही.
पानेवेझिसच्या अलीकडे दूध संकलन केंद्र होतं,
आता तिथे टायरचं दुकान आहे,
तिथे एकतीस वर्षं मी काट्यापाशी बसले.
कुणाच्या कॅनमध्ये पाणी आहे
ते ओतण्याच्या आवाजावरून कळायचं मला.
म्हणून तो म्हणाला, दांगुओले, आकडे तू लिही,
मी लिहिले तर मला हवे तेच येतील.

रविवारी पास्वालिसच्या रस्त्याला लागलो.
दहा फलक मी मोजले, दहा किलोमीटर.
डबा म्हणाला, नऊ पूर्णांक सात.
रिमविदास कडेला थांबला, बटणं दाबत बसला,
मागून लाकडांचे ट्रक हॉर्न देत गेले.
परतताना नऊ पूर्णांक नव्याण्णव.
"एवढं इकडेतिकडे चालतं," तो म्हणाला.
मी नऊ नव्याण्णव लिहिलं.

मग पेट्रोल. पंपाचा पहिला खटका होईपर्यंत भरायचं,
नंतर थेंबही नाही, हाव नको.
चारशे किलोमीटर फिरून तोच पंप, तीच नळी, तोच खटका.
पंपाचे चौतीस लिटर, डब्याचे बत्तीस.
सहा टक्के वाढव, म्हणाले. त्याने वाढवले.
शंभराला साडेआठ. म्हाताऱ्या गाडीला शोभेल असं.

डब्याला स्मृती दोन.
गाडी दोन तास उभी राहिली की पहिली सगळं विसरते.
दुसरी काही सोडत नाही.
डिसेंबर संपताना पहिलीत साडेआठ,
दुसरीत बारा पूर्णांक चार.
इंजेक्टरची तार सैल, तो म्हणाला. मग, थंडी.
मग, बोंड अडकतंय.
तीनदा उघडला डॅशबोर्ड, एक स्क्रू अजून सापडलेला नाही.

मी वही घेऊन स्वयंपाकघरात बसले.
महिन्याचे दोनशे किलोमीटर, त्याचे सतरा लिटर.
उरले पावणेआठ.
गाडी उभी असली की डबा शंभराचा हिशेब सोडतो,
तासाला किती ते दाखवतो: नऊशे मिली.
भागाकार केला.
साडेआठ तासांहून थोडं जास्त,
कुठेही न जाता.

आउरिमासचा फोन गुरुवारी येतो, स्टावांगरहून.
माझ्याशी दोन मिनिटं: बरा आहे, जेवलो, बर्फ आहे.
मग रिमविदास बॅटरी बघायला म्हणून अंगणात जातो.
खिडकीतून मला धूर दिसतो, सरळ वर जाणारा,
उणे बारात धुराला वळायचीही घाई नसते.

वहीत लिहिलं: डबा बरोबर आहे. तारेला हात लावू नये.
त्याने वाचलं. चष्मा पुसला. काही बोलला नाही.

पुढच्या गुरुवारी लोकरी मोजे घेऊन मी अंगणात गेले,
त्याच्या शेजारचं दार उघडलं.
फोन डॅशबोर्डवर ठेवलेला, आवाज मोठा,
माझा मुलगा म्हणत होता,
"...आईला एवढ्यात नको सांगूस, बाबा."

हीटरची घरघर. हिरवे आकडे.
शून्य किलोमीटर.
रिमविदासचा हात फोनकडे जायचा तो डब्याकडे गेला,
आणि घाईत त्याने दुसरी स्मृती पुसून टाकली.

पुसू दे.
वहीत आहे.
मी आत बसले, दार ओढून घेतलं,
मोजे त्याच्या मांडीवर ठेवले
आणि म्हणाले, आउरिमास, बोल.