भिंतीपलीकडचा यारू

शेवू जांबोटीहून आली
तेव्हा पत्र्याच्या पेटीत होते
फ्रॉक तीन, चिंचोके चाळीस
आणि शेळीच्या गळ्यातली घंटी.
(शेळी मात्र आली नाही.)

वडगावच्या या गल्लीत
घराघरात माग.
खटक-खट, खटक-खट,
दिवे लागले तरी खटक-खट,
बोललेलं सगळं त्यात बुडून जातं.

"आई, ऐक ना..." "काय गं?" खटक.
"आई, शाळेत आज..." "काय?" खट-खटक.
"आलो गं, येवढी वीत झाली की!"
आईची वीत काही संपत नाही.
जांभळे काठ लांबत जातात
कुणा दुसरीच्या साडीवर.

शेवू मग एकटीच खेळते.
डावा हात विरुद्ध उजवा हात.
उजवा रोज जिंकतो,
डावा रोज रुसतो,
आणि दोघांची समजूत
शेवूलाच काढावी लागते.

एका संध्याकाळी वीज गेली.

गल्ली इतकी गप्प झाली
की शेवूला पाल ऐकू आली,
चौथ्या घरातला कुकर ऐकू आला,
आपल्याच पोटातलं गुरगुर ऐकू आलं.
तिनं भिंतीला कान लावला.
बोटानं केलं, टक.
भिंत म्हणाली, टक.

टक टक?
टक टक.
टक, टकाटक, टक?
(बराच वेळ काहीच नाही.)
टक, टकाटक, टक!

वर, जिथून वायर जाते
त्या भोकातून आवाज आला,
"यारू?"

यार! मला कुणी यार म्हणालं!
शेवू पेटीवर चढून ओरडली,
"हो! हो हो, यारू!"

पलीकडे निंगू बुचकळ्यात पडला.
त्यानं विचारलं होतं नुसतं, "कोण?"
कानडीत यारू म्हणजे कोण.
आणि भिंत म्हणते, "हो हो, कोण!"
असं नाव असतं होय कुणाचं?

बघायला तो मेणबत्ती घेऊन आला,
एक पाय चपलेत, एक अनवाणी.
"बा," म्हणाला.
शेवूनं मागं वळून पाहिलं,
बा? कुणाचा बा?
मग त्यानं हात हलवला, ये ये.
हात लगेच कळला.

पायरीवर डाव मांडला.
मेण सांडलं, एक चिंचोका गटारात गेला,
निंगूनं लबाडी केली, शेवूनंही.
सात चिंचोके हरली ती.
डाव्या हातानं हरण्यापेक्षा
हे हरणं फार बरं होतं.

वीज आली. खटक-खट, खटक-खट.
निंगूचं तोंड हललं, ऐकू काही आलं नाही.
शेवूचं तोंड हललं. तेही नाही.
दोघं हसत घरी पळाली.

रात्री माग थांबला तेव्हा
आईच्या केसांत सुताचा कापूस होता.
"हं, आता सांग, काय म्हणत होतीस?"
भिंतीतून आलं, टक, टकाटक, टक.
"अगंबाई, कोण गं पलीकडे?"

शेवूनं पांघरूण नाकापर्यंत ओढलं.
"यारू," म्हणाली.