एकशे तेरा

मंगळवारी भर दुपारी, नंदनवनात,
क्लासच्या जिन्यात चपला काढून
निकेश वैरागडेची आई वर आली.
कळमन्याच्या यार्डात ती मिरचीचे देठ खुडते,
म्हणून नमस्कार करतानाही
हात चेहऱ्यापासून लांब धरते.
पाव किलो संत्रा बर्फी टेबलावर ठेवून म्हणाली,
"निक्याले एकशे तेरा भेटले न सर, एकशे वीसपैकी.
मले त्यातलं काही समजत नाही,
पण रातभर झोपला नाही तो,
तवाच वाटलं, काहीतरी मोठं झालं."

चिठ्ठी दाखवली.
छापील तेरा. त्याच्या अलीकडे
निळ्या बॉलपेनची एक उभी रेघ,
पट्टी लावून ओढल्यासारखी.

मी बर्फी खाल्ली. दुसरीही खाल्ली.
कूलरमधलं पाणी संपलं होतं,
पंखा नुसताच झळा फेकत होता,
आणि मला रेघेपेक्षा आकड्याचा राग आला.
एकशे बारा म्हणाला असता, एकशे पंधरा,
तर निदान कुणाला तरी कधीतरी पडू शकले असते.
खोटं बोलायचं तर ताळा तरी करायचा, बाबू.

बुधवारी फळ्यावर लिहिलं:
तीस प्रश्न. बरोबरला चार,
चुकीला वजा एक, कोऱ्याला शून्य.
वेगवेगळे किती गुण पडू शकतात?
"एकशे एक्कावन," मुक्ता भोंगाडे पुढून म्हणाली,
"वजा तीस ते एकशे वीस, शून्य धरून."
मागच्यांनी लिहूनही घेतलं.
"पण सगळे पडतात का?" विचारलं,
आणि खडू निकेशच्या हातात दिला.
हे मी बरं केलं नाही, माहीत आहे.

तो वरून उतरू लागला.
सगळे बरोबर, एकशे वीस.
एक कोरा सोडला तर एकशे सोळा,
तोच चुकला तर एकशे पंधरा. मधले तीन गेले.
दोन हुकले: एकशे बारा, अकरा, दहा.
"म्हणजे एकशे चौदा नाही, आणि..."
खडू थांबला.
खाली पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर सुरू झाला, बंद झाला.
"आणि एकशे तेरा," मुक्तानं मदत केली.
त्यानं लिहिलं.
त्याचा एक तसाच सरळ येतो, पट्टीशिवायही.

तीन हुकले की एकशे आठपासून एकशे पाच,
म्हणून एकशे नऊही नाही.
तिथून खाली कुठं भोक नाही,
पार वजा तीसपर्यंत पायरीला पायरी.
"सहा गेले," तो भिंतीशी बोलावं तसं म्हणाला,
"एकशे पंचेचाळीस."

वर्ग सुटला. तो डस्टर धरून उभा, पुसत नव्हता.
"तुम्ही सांगितलं आईले?"
"तेराला किती वाटा आहेत, काढ," मी म्हटलं.
चार बरोबर, तीन चूक. पाच, सात.
सहा, अकरा. सात, पंधरा. आठ, एकोणीस.
नवाला प्रश्नच पुरत नाहीत.
"पाच," म्हणाला. मग बऱ्याच वेळानं
सात-पंधराखाली बोट ठेवून,
"मी इथून आलो.
आठ कोरे सोडले, ते येतच नव्हते, सर.
पंधरा येतात असं वाटलं होतं."

खणातून डबा काढला. चार वड्या उरल्या होत्या.
त्यानं एक घेतली, खडूच्याच हातानं,
आणि धरून ठेवली.
"आई साडेपाचला सुटते," म्हणाला,
घड्याळाकडे न बघता
दप्तर उचललं.