दोन सुताची पट्टी

सुवेगा मिळाली इतवारीत, भंगारात, किलोच्या भावानं.
बेचाळीस किलो भरली, पेडलं धरून.
इंजिनाला काही झालं नव्हतं.
फक्त कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांच्यामधली
ती वीतभरही नसलेली नळी
कुणीतरी एम-सीलनं लिंपून लिंपून
वारूळ करून ठेवलेली,
हात लावला, हातात आली.

नवी मिळणार नव्हतीच.
कॉटन मार्केटपासून कामठी रोडपर्यंत सगळे हसले.
एक म्हणाला, "काका, कंपनीच मेली,
तुम्ही पार्ट काहून शोधून राहिले?"

म्हणून घडवायला घेतली.
बत्तीस वर्षं आयटीआयत पोरांच्या हाती कानस दिली,
स्वतःसाठी काही घासलं नव्हतं.

नळी मोडक्या खुर्चीच्या पायाची.
आत कन्हानची वाळू, चाळून, तव्यावर भाजून
(ओल राहिली तर तापल्यावर डाट उडतो, डोळा जातो),
दोन्ही तोंडांना सागाच्या खुंट्या.
ब्लोलॅम्पखाली लाल झाली तशी वळवली,
आजारी माणसाला कुशीवर वळवावं तशी.

मे महिना. शेचाळीस. पत्र्याच्या शेडमध्ये
पान्याला हात लागत नव्हता.
निशू कूलरच्या खोलीत, दार लोटून,
डिसेंबरपासून तशीच.
तिची आई दुपारी ताट ठेवते, संध्याकाळी उचलते.
वर्ध्याच्या लोकांचा फोन आला होता, चार वाक्यांचा.
त्यावर पाचवं आमच्याकडून कुणी बोललं नाही.

फ्लँज दोन सुताची पट्टी कापून.
इंजिनावरची जुनी भोकं झिजून अंडाकृती,
कुठून कुठवर मोजायचं तेच कळेना.
मोमिनपुऱ्यात वहाब उस्तादांनी पितळेची झाळ दिली,
पैसे घेतले नाहीत.
नळी डोळ्याला लावून रस्त्याकडे पाहिलं, म्हणाले,
"मास्तर, अंदर से भी घिसो.
हवा को खरोंच दिखती है."

राहिलं गॅस्केट.
मी जुन्या फायलीचा पुठ्ठा कापत होतो,
कडेला तुटत होता.
निशू शेडच्या दारात. हातात गठ्ठा, रबरबँडसकट.
चारशेतल्या उरलेल्या तीनशे बहात्तर.
"हे घ्या. ऐंशीला एक पडली होती. कागद चिवट आहे."

काय म्हणणार होतो,
की मोर नको कापू?

तिनं पत्रिका फ्लँजवर ठेवली,
हातोडीच्या गोल डोक्यानं कडेकडेनं ठोकत गेली.
हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. पाहिलं असेल कधी,
याच स्टुलावर पाय हलवत बसून.
कागद धारेवर आपोआप कापला जातो.
'सहकुटुंब सहपरिवार'मधला एक 'सह'
गोल भोकातून खाली पडला,
लोखंडाच्या किसात.

दोन बोल्ट. पेट्रोलात तेल. पेडल.
सुरू झाली, आणि लगेच किंचाळायला लागली,
मूठ सोडली तरी वर, वर,
कुणी मागे लागल्यासारखी.
मी स्क्रू पिळत बसलो, अर्धा आटा इकडं, पाव तिकडं.
तिनं कान खाली नेला. डोळे मिटले.
"बाबा, बाहेरची हवा घुसून राहिली. इथून."
बोटानं साबणाच्या पाण्याचा थेंब सोडला.
थेंब आत ओढला गेला. इंजिन क्षणभर दबलं.

पुन्हा खोलली.
आरशाचा तुकडा, वर पॉलिशपेपर,
फ्लँज त्यावर इंग्रजी आठाच्या आकारात घासायची,
मी दहा वेळा, ती चाळीस.
तिच्या नखांत काळं गेलं.
डिसेंबरची मेंदी केव्हाच उतरली होती.
आतून आई म्हणाली, जेवायला येता का दोघं.
दोघं.
साडेनऊला लाइट गेली.
मोबाइलच्या उजेडात तिसरी पत्रिका बसवली.

टुक. टुक. टुकटुकटुक.
शेजारचे पाचभाई गॅलरीत आले, काही न विचारता आत गेले.

ती गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली,
न उतरता म्हणाली,
"तीनशे एकोणसत्तर उरल्या,"
आणि पुन्हा वळली, या वेळी मोठ्या रस्त्याला.

हेडलाइटमध्ये बल्ब नव्हता.
सांगायचं राहून गेलं.