दोन ठिकाणी

आइनारने एकच गणित तीनदा लिहिलं होतं :
बत्तीस बिटांचं, चौसष्टचं, एकशे अठ्ठावीसचं.
निवृत्त होताना म्हणाला, चूक सापडली होती, काढली.
दोन ठिकाणी.

बर्गनच्या त्याच खोलीत तुरुन आता
तिन्हींचं एक करते आहे.
अचूकतेच्या जागी नुसतं एक अक्षर,
हाक मारणाऱ्याने भरायचं.

अडतो तो शून्य दशांश एक,
आधीच बत्तीस बिटांत कापलेला.
मागून कितीही मोठं भांडं द्या,
सांडलेलं परत येत नाही.
ती तो पुसते, लिहिते एक भागिले दहा,
दोन्ही त्या अक्षराच्या मापाचे.

चाचणी.
सहाव्या अंकापर्यंत तिघं बरोबर,
पंधराव्यापर्यंत दोघं,
पुढे एकटाच.

खाली धक्क्यावर कुणी म्हातारा
रंगवलेल्या काठीवर भरती वाचतो :
गुडघ्याच्या जरा वर.