रकाना क्रमांक नऊ

कार्यालयातून निघताना साहेबांनी फॉर्म दिला :
बंधाऱ्याचं नाव, नदी, क्षेत्र हेक्टरमध्ये,
आणि नवव्या रकान्यात, पाण्याचा मालक कोण.

पांझरेवर पोचले तेव्हा झुलाल पाटकरी
पाटाच्या तोंडाशी गुडघाभर उतरून
खेकड्यांची बिळं चिखलानं बुजवत होता.
वर न बघताच म्हणाला, चपला काढा, पाट आहे.

आठ रकाने मी उभ्याउभ्या भरले.
बांधणी : दगड, चुना.
साल : माहीत नाही. त्यालाही. त्याच्या आज्यालाही नव्हतं.
नवव्यापाशी पेन थांबलं.

मग त्यानं फिरवलं.
चार फड. एकात ऊस, एकात गहू, एकात हरभरा,
एक यंदा नुसताच नांगरून उन्हाला टाकलेला.
आणि प्रत्येक घराची एकेक पट्टी
चारही फडांत,
लुगड्याच्या चिंधीसारखी, लांब, अरुंद.
असं का?
पाणी कमी पडलं की एक फड सुकवायचा, तो म्हणाला,
सुकला की सगळ्यांचाच सुकतो.
वरच्याला खालच्याची तहान
स्वतःच्या पट्टीत लागते.

कुणी ठरवलं हे?
त्यानं फावड्यानं दाखवलं : त्या टेकाडानं.
टेकाड आडवं आलं म्हणून पाट वळला,
पाट वळला म्हणून फड चार पडले,
चार पडले म्हणून भांडणंही चारच.

वर धरण झालं तेव्हापासून पाणी तारखेनं येतं.
तारीख धुळ्याला ठरते.
धुळ्याच्या टेबलाला उतार नसतो.
गेल्या माघात पाच दिवस उशीर झाला.
भिला जागल्या पाचही रात्री
कोरड्या पाटात कंदील घेऊन बसला,
न आलेल्या पाण्याची राखण करत.
गावानं त्या रात्रींच्याही पेंढ्या मोजून दिल्या,
घरटी एक, ओल्याकोरड्याचा हिशेब न करता.

निघताना पुन्हा विचारलं, मालक कोण लिहू?
झुलाल पाय धूत होता.
‘पानीले मालक नही ताई, उतार शे.’

मी तेच लिहिलं. एकच शब्द. उतार.

आठवड्यानं फाईल परत आली.
समासात लाल शाईचा शेरा :
उतारा सोबत जोडावा.

ती अजून माझ्याकडेच आहे.
आज तेवीस तारीख. धरणातून सोडलं असेल,
आणि झुलाल पुन्हा
खेकड्यांशी भांडत असेल, त्याच बिळांवरून.