एक मिनिट चाळीस सेकंद

साओ पाउलोत, सांता इफिजेनियाच्या रस्त्यावर,
जिना उतरून डावीकडे, पंखे दुरुस्त करणाऱ्याच्या पलीकडे
माझं दुकान: काचेचं एक कपाट आणि मी, दाल्वा.
पोरगा तिसऱ्यांदा आला तेव्हा नाव विचारलं.
एदिवान. ग्वायानाझेसहून आलेला, आधी बस, मग रेल्वे.
खिशात नोटा, रबर लावलेल्या,
रविवारच्या बाजारात ऊस पिळून जमवलेल्या.
एका नोटेला अजून चिकटपणा होता.

"मला सॉलिड स्टेट ड्राइव्ह हवी," म्हणाला,
जणू एखाद्या गावाचं नाव घेतोय
जिथे तो कधी गेला नाही.

मी आधी मदरबोर्डाचा फोटो मागितला.
गिऱ्हाइकं रंग बघतात, मी खाच बघते.
त्याच्या बोर्डाला ती चिंचोळी खाच नव्हतीच,
तेव्हा च्युइंगगमच्या पट्टीएवढ्या सगळ्या बाद.
उरली चपटी, अडीच इंची, केबलवाली.
हिरमुसला. म्हटलं, अरे,
डब्यावर छापलेला वेग कारखान्यातच राहतो,
घरी येतो तो उरलेला,
आणि तुला उरलेलाही पुष्कळ.

"हिच्या आत फिरतं काय?"
काहीच नाही.
"मग आवाज?"
तोही नाही.
त्यानं जुन्या डिस्कचा आवाज तोंडानं काढून दाखवला,
कर्र, टक्, कर्र कर्र,
पंखेवाला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून बघायला लागला.

मग आकडे. दोनशे चाळीस जीबी एकशे तीस रेआलला,
चारशे ऐंशी दोनशे दहाला.
मी सगळ्यांना मोठीच घे म्हणते. खोटं कशाला बोलू,
मोठीवर मला अकरा रेआल जास्त सुटतात.
पण खरंही तेच आहे: हल्लीचा एकेक खेळ
शंभर जीबी गिळतो आणि ढेकर देत नाही.
हप्ते पाडून देते, म्हटलं.
कार्ड नाही.
वडिलांचं?
त्यावर फ्रिज चालू आहे, अजून सात महिने.

"ट्रकचा खेळ किती वेळात उघडेल?"
आता किती लागतो?
"एक मिनिट चाळीस सेकंद."
घड्याळ लावून मोजलेलं होतं.
अकरा, फार तर बारा, मी म्हणाले, अशा तोऱ्यात
की ड्राइव्ह मीच बनवली असावी.

इथे बहुतेक पोरं हसतात.
हा गप्प झाला.

मग काचेवर बोटानं रेघ ओढत सांगायला लागला.
वडील, जेनिवाल, मोएमातल्या एका इमारतीच्या फाटकावर
रात्रपाळीला असतात.
ते निघायच्या सुमारास हा खेळ सुरू करतो.
पडद्यावर पट्टी सरकत असते,
ते खुर्चीमागे येऊन उभे राहतात, एकाच पायात बूट,
"आज कुठल्या रस्त्यावर रे?"
आणि पट्टी भरेपर्यंत
आपला रस्ता सांगतात, सेर्तांवमधला, खरा,
चौदाव्या वर्षी ट्रकवर कांद्यांच्या पोत्यांवर बसून सोडलेला.
रोज थोडासा.
चार महिने झाले, अजून नदी आलेली नाही.
खेळ उघडला की म्हणतात, चल, चालव,
आणि दुसरा बूट घालतात.

माझ्याकडे वेगांचे तक्ते आहेत, भिंतीला लावलेले.
मी उगाच तिकडे पाहिलं.

"छोटी द्या," एदिवान म्हणाला.
"जुनी डिस्कही राहील ना आत?"
राहील.
"मग तो एक खेळ तिच्यावरच राहू दे."

मी अकरा रेआलांवर पाणी सोडलं.
वर केबल फुकट दिली, आणि चार स्क्रू,
स्क्रू विसरतातच सगळे.
बजावलं, वीज बंद करून उघड,
आधी हात लोखंडी कपाटाला लाव.
नोटा त्यानं दोनदा मोजल्या, मी एकदा.

महिन्याभरानं रॅम विचारायला आला.
ड्राइव्ह कशी चाललीय, वगैरे मी विचारलंच नाही.
म्हटलं, नदी आली का?

"आली," म्हणाला. "पण पूल बुडालाय.
काठावर ट्रक उभा आहे.
कांद्यांना मोड आलेत."