मुदतवाढ

वेसाव्याच्या बंदरावर, बर्फाच्या कारखान्यामागे
आमच्या सोसायटीचं ऑफिस:
दोन टेबलं, एक लोखंडी कपाट,
आणि एक खुर्ची, जिच्यावर मोरेश्वर नाखवा
एकवीस वर्षं बसलेत.
मुदत मागल्या मार्चात संपली.

मार्चात मतदार यादी तयार नव्हती.
यादी मीच करते. तयार होती.
मग नारळी पौर्णिमा झाली, बोटी लागल्या धंद्याला,
माणसं सगळी समुद्रावर, मत देणार कोण?
बोटी परतल्या तेव्हा
मेव्हण्याच्या नावानं हायकोर्टात अर्ज पडला होता.
यादीत म्हणे मेलेली माणसं आहेत.
आहेत. त्यांनीच घालायला लावली होती.

मासळी बाजारातल्या बाया म्हणतात,
डिझेलच्या केसपायी चिकटलाय म्हातारा.
'जलकन्या' नऊ वर्षांपूर्वी मढच्या खडकावर फुटली,
तिच्या फळ्यांवर कुणाच्या तरी हळदीचं जेवण शिजलं,
तरी दर महिन्याला
सहाशे लिटर पीत राहिली.
कलम त्र्याऐंशीची चौकशी लागलीय.
कपाटाची किल्ली नाखव्यांच्या करगोट्याला.
उतरले की किल्ली उतरणार.

असेल.

पण मला आठवतं,
जलकन्या तेव्हा तरंगत होती, रंगही ओला होता,
कुठली नोटीस नाही, कुठला वकील नाही,
पहिली पाच वर्षं भरली तेव्हा म्हणाले होते,
एवढा धक्का बांधून होऊ दे, मग जातो.
धक्का झाला.
धक्क्यावरच उभं राहून म्हणाले,
आता एवढं शीतगृह.

ओहोटीला चिखलात बसलेल्या होडीला
नांगर लागत नाही.

आणि हेही खरं, की त्या वादळात
केण्यांची तीन पोरं बेपत्ता झाली तेव्हा
हाच माणूस दोन रात्री वायरलेसपाशी बसला होता,
न जेवता, पाय सुजेपर्यंत.
एक पोर सापडलं. ते आता
त्यांच्याविरुद्ध उभं राहणार आहे.

परवा सगळे गेल्यावर त्यांनी विचारलं,
"उतरलो तर नेतील का गो मला?"
मी म्हटलं, वकिलाला विचारा.
"वकील म्हणतो, बसून राहा."
मग बराच वेळ पंख्याकडे बघत म्हणाले,
"तसाही कुठं जाणार होतो."
कुठलं वाक्य खरं, ते
मी इतिवृत्तात लिहिलं नाही.

आज सकाळी नवं पत्र.
निवडणूक पुढे ढकलण्याचं कारण?
"तूच लिही."
मी टाइप केलं: तांत्रिक कारणास्तव.
शिक्का मारला, वाळायला ठेवला.
बाहेर बर्फाची लादी फोडण्याचा आवाज येत होता.

एक सांगायचं राहिलं.
जलकन्येच्या नऊ वर्षांच्या नोंदी
माझ्या अक्षरात आहेत.
काल रात्री मला
कितीतरी दिवसांनी झोप लागली.